डावी पाकळी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांना महिन्यातून एकदा सगळं सांगणं माझ्या नोकरीचा भाग होता त्या पणजीच्या पर्यवेक्षक बाईंना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आयुष्यभर लोकांनी मला त्यांच्या गोष्टी सांगितल्या. मी समोर बसून मान हलवली, पाण्याचा पेला पुढे केला. माझी स्वतःची एक गोष्ट मात्र तशीच राहिली. ती आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

आधी कामाबद्दल थोडं. नाहीतर मी नेमकं काय मोडलं ते कळणार नाही.

डिचोलीत एका ट्रस्टनं ग्रंथालयाच्या मागची खोली घेऊन समुपदेशन केंद्र काढलं होतं. बुधवार आणि शनिवार, दुपारी दोन ते सहा. गोवा घटकराज्य होण्याच्या आगेमागेची ही वर्षं. राजभाषा कोणती यावरून घराघरांत भांडणं लागली होती. आमच्या केंद्राची पाटी मराठीत रंगवायची की कोकणीत, यावर विश्वस्तांच्या इतक्या बैठका झाल्या की आठ महिने पाटीच लागली नाही. दारावर नुसते दोन खिळे. लोक बाजारात विचारत यायचे, ''तें पिशांचें दप्तर खंय आसा?'' – वेड्यांची कचेरी कुठे आहे. सगळ्यांना समजेल अशी पाटी तेवढीच होती, पण ती कुणी रंगवली नाही.

पाटी नसली तरी आत भिंतीवर एक कागद होता. माझ्या हस्ताक्षरातला, साध्या मराठीत. नवीन माणूस आला की पहिल्या भेटीत मी तो वाचून दाखवायचो आणि मग विचारायचो, यातलं काही पटत नाही का? लोक बुचकळ्यात पडत. सरकारी दवाखान्यात त्यांना असं कुणी कधी विचारलेलं नसे.

कागदावर काय होतं? इथे बोललेलं इथेच राहील. जिवाला धोका असेल तरच बाहेर जाईल, आणि तेही तुम्हाला सांगून. मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण अमुक, मला हे येतं आणि हे येत नाही. काय बदलायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. मी जे करीन ते का करतो आहे, हे तुम्ही केव्हाही विचारू शकता. नको वाटलं तर थांबू शकता, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकता, मी रागावणार नाही. आणि शेवटी – तुमचे निर्णय तुम्ही घ्याल. मी घेणार नाही.

शेवटच्या ओळीखाली मी पट्टी ठेवून रेघ मारली होती. मला त्या रेघेचा अभिमान होता.

सभा, शाल-श्रीफळ, फेटे, उद्घाटनाच्या फिती यांची मला लहानपणापासून ॲलर्जी. भाषण सुरू झालं की मी मागच्या दारानं निघून जायचो. पण माणसाचा मोठेपणाचा हव्यास एका दारानं बाहेर काढला तर कुठल्या तरी दुसऱ्या दारानं आत येतोच, नाही का? माझा त्या रेघेतून आला.

ती आली तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिला इथे कुंदा म्हणतो. तिचं नाव हे नाही, आणि गावाला कोरगाव म्हणतो म्हणजे ते कोरगावच असेल असं समजू नका. एवढा एक नियम निदान आता तरी पाळतो. गाव पेडण्यातलं, हे मात्र खरं. बालवाडीत शिकवायची. दोन बसेस बदलून डिचोलीला यायची, कारण पेडण्यात कुणीतरी पाहिलं असतं.

तिची तक्रार ऐकायला साधी होती. तिला काही ठरवता येत नसे. कुठली साडी, कुठली बस, डाळीत कोकम घालायचं की चिंच – प्रत्येक गोष्ट आईला विचारायची, आई नसली तर मोठ्या भावाला, भाऊ नसला तर शेजारणीला. मोठं काही असलं तर घरचे देवळात जाऊन कौल लावायचे. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. गुरव देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. लग्न, जमीन, विहीर, शस्त्रक्रिया – सगळं त्या पाकळ्यांवर. मी देव मानत नाही, पण त्या रीतीला हसावं असंही मला कधी वाटलं नव्हतं. माणसांनी याहून वाईट गोष्टींवर निर्णय सोपवलेले मी पाहिले आहेत.

तिच्या तक्रारीचं मूळ तिनं चौथ्या भेटीत सांगितलं. सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. घरात ती एकटीच. शेजारचा म्हणाला, टॅक्सी आणू? ती म्हणाली, दुपारची बस येईलच तासाभरात, तिनंच म्हापशाला नेऊया. बस आली. वडील बसपर्यंत पोचले नाहीत.

''तो एकच निर्णय मी घेतला, सर,'' ती म्हणाली. ''तेव्हापासून घेतला नाही.''

आम्ही कामाला लागलो. आम्ही – हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण तोवर ते खरंच दोघांचं काम होतं. सुरुवात कुठून करायची ते तिनंच ठरवलं. सकाळी सायकलवरून पोदेर येतो, पाववाला, भोंपू वाजवत. तो दारात थांबून विचारतो, पाव की उंडो? पाव मऊ, उंडो कडक आणि गोल. ती रोज आत वळून आईला विचारायची. आता तिनं आत वळायचं नाही. पोदेराकडे बघून एक शब्द सांगायचा. बस्स.

तिला दोन आठवडे लागले. पहिल्या दिवशी पोदेर कंटाळून म्हणाला, ''बाये, गिरायकां रावल्यांत मगो!'' – बाई, गिऱ्हाइकं थांबलीत ना – आणि ती रडत आत गेली. चौदाव्या दिवशी तिनं 'उंडो' म्हटलं. मला येऊन सांगितलं तेव्हा परीक्षेत पहिली आल्यासारखा तिचा चेहरा होता. मी विचारलं, आवडला का? ती म्हणाली, ''कडक होता. पण मी सांगितलेला.''

मग तिनं एक वही केली. तीन रकाने. काय ठरवलं, किती वेळ लागला, कुणाला विचारलं. वही ती भेटीला घेऊन यायची. साडी – पाऊण तास – आईला. साडी – वीस मिनिटं – कुणाला नाही. बस – सात मिनिटं. नवीन चपला – दोन दिवस – कुणाला नाही. वर्ष सरत आलं तसं तिसऱ्या रकान्यात 'कुणाला नाही' हे दोन शब्द इतके झाले की ती नुसत्या रेघा मारायला लागली.

शेवटच्या दोनेक महिन्यांत ती भेटीला येताना आधीच हसरी असायची. केसांत अबोली. मी फायलीत लिहिलं, 'उपचारांना उत्तम प्रतिसाद.' किती सहज लिहिलं मी ते! दुसरं काही कारण असेल असं मला का सुचलं नाही?

आता मी त्या जागेकडे येतोय. थोडा वेळ द्या.

एका शनिवारी तिचा भाऊ आला. पेडण्यात कापडाचं दुकान, गंभीर माणूस, सफारी घातलेला. बहिणीबद्दल मी त्याला काही सांगणार नाही हे मी आधीच सांगितलं. तो म्हणाला, सांगू नका, ऐका. ''स्थळ चालून आलंय. ट्रक चालवतो खाणीवर, सर्वणला खोली घेऊन राहतो. मूळचा सिंधुदुर्गातला. बायको वारलेली, एक मुलगी आहे. आता तिला याच्याहून बरं कोण मिळणार, सर? वय काय, तब्येत काय. एकदा गेली की आमचाही जीव मोकळा.''

मी ऐकलं. कागदाप्रमाणे गप्प राहिलो. पण आत काहीतरी तापायला लागलं.

कारण मला तिच्यासाठी दुसरंच दिसत होतं. पणजीजवळ शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा दोन वर्षांचा कोर्स होता, वसतिगृहासकट. त्याचा फॉर्म मीच आणून दिला होता. तिनं मागितला नव्हता. तिनं तो भरला, तिचं नावही लागलं. कोर्स आणि लग्न, दोन्ही एकाच जूनमध्ये. आणि मला वाटलं – वाटलं काय, मला खात्रीच होती – की आता तिला घरचे एका ट्रकवाल्या विधुराच्या गळ्यात बांधणार, आणि ती नेहमीसारखी मान खाली घालून हो म्हणणार. मी पाहिलेल्या वर्षभराच्या त्या रेघा सगळ्या पुसल्या जाणार.

पुढच्या बुधवारी मी तिला विचारलं, लग्नाचं काय? ती हसली. म्हणाली, ''ठरवलंय मी, सर. पण आज नाही सांगत. रविवारी दादा कौल लावणारेत. पुढच्या बुधवारी सगळं सांगते.''

मी काय करायला हवं होतं? एकच प्रश्न विचारायला हवा होता – काय ठरवलंत? आणि तिनं नको म्हटलं तर बुधवारपर्यंत वाट बघायची. वाट बघणं हाच तर माझा धंदा. त्याऐवजी मी ते हसू वाचलं. मी पुष्कळ वाचलेला माणूस ना! मला वाटलं, हे हार मानलेल्या माणसाचं हसू आहे. देवावर टाकून मोकळी झाली आहे.

शुक्रवारी सकाळी मी कोरगावला गेलो.

माझं आजोळ तिथलं. देवळाचा गुरव, बाबलो, आईच्या वाड्यावरचा, म्हणून मला मामा. त्याच्या धाकट्या बहिणीला बाळंतपणानंतर मी वर्षभर पाहिलं होतं. ती बरी झाली होती. त्या घरात माझ्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन मी कुठून उचलून आणलं होतं हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ते माझं नव्हतं. ते माझ्या खोलीतल्या त्या बहिणीच्या रडण्याचं होतं.

बाबलोमामा देवळामागे फुलं निवडत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. कुंदा माझ्याकडे येते हे सांगितलं. वडिलांचं सांगितलं. पोदेराचंसुद्धा सांगितलं – का, कुणास ठाऊक. इथे बोललेलं इथेच राहील, ती ओळ तिथे, त्या निवडलेल्या फुलांजवळ पडली. आणि मग म्हटलं, मामा, रविवारी डावी पाकळी पडायला हवी.

त्याला राग आला नाही. तो हातातलं फूल फिरवत राहिला.

''भाच्या, पाकळी देव पाडता. हांव फकत लायतां.''

''कशी लावायची ते तुमच्या हातात आहे, मामा. कुठली ओली, कुठली सुकी.''

त्यानं फूल परडीत ठेवलं. मग त्यानं एकच विचारलं, ''तिका बरें जातलें?'' – तिचं भलं होईल?

''होय.''

''तुका कशें कळ्ळें?''

तुला कसं कळलं? एवढाच प्रश्न. चौथी शिकलेल्या गुरवानं विचारलेला. माझ्या सगळ्या शिक्षणात, सगळ्या पुस्तकांत यापेक्षा चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, ''माझं शिक्षणच ते आहे, मामा.''

''खरें तें. तूं दोतोर,'' तो म्हणाला. ''तुका खबर आसतली.'' – तुला ठाऊक असणार.

लोक मला डॉक्टर म्हणत आणि प्रत्येक वेळी मी त्यांना थांबवून सांगत असे, मी डॉक्टर नाही. पोरांना, म्हाताऱ्यांना, आमदारालासुद्धा सांगितलं होतं. त्या दिवशी मी त्याला थांबवलं नाही.

रविवारी मी देवळात गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. सभामंडपात खांबाजवळ उभा राहिलो. कुंदा आई आणि भावाबरोबर आली. हिरवी साडी. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मी तिच्यासाठी आलो आहे असं तिला वाटलं. खरं तर आलोच होतो, नाही का?

बाबलोमामानं पाकळ्या लावल्या. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. ते नेहमीच्याच सफाईनं चालले. त्यानं गाऱ्हाणं घातलं – बा देवा म्हाराजा, हें तुजें लेंकरूं पायांकडे आयलां, हें लग्न करचें काय न्हय ती वाट दाखय – आणि मागच्या चारपाच जणांनी साथ दिली, ''व्हय म्हाराजा!'' कुंदाचा आवाज त्यात नव्हता. ती हात जोडून, डोळे उघडे ठेवून, सरळ मूर्तीकडे बघत होती. घाबरलेली दिसत नव्हती. तेही मी पाहिलं, आणि तेही चुकीचंच वाचलं.

मग सगळे थांबले. समईची वात चुरचुरत होती. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली. पाकळ्या जागच्या जागी.

उजवी पाकळी हलली.

खरंच हलली. वरची कड सुटून वाकली. भावानं श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. आणि मी, देव न मानणारा माणूस, खांबाला पाठ टेकून मनात म्हणत होतो – डावी, डावी, डावी. इतक्या मनापासून मी आयुष्यात काहीच मागितलेलं नाही.

डावी पडली.

आई पुटपुटली, देवाची मर्जी. भावानं कपाळ पुसलं. कुंदा तशीच उभी राहिली. मग तिचे जोडलेले हात हळूहळू सुटले, आणि ते कुठे ठेवावेत ते तिला कळेना. बाबलोमामानं तीर्थ पुढे केलं तेव्हा तिनं आईकडे बघितलं. घेऊ का?

मी ते पाहिलं. मी अजून त्या खांबापाशीच होतो. पुढे होऊन बोलायला चार पावलं पुरली असती.

बुधवारी ती वेळेवर आली. वही टेबलावर ठेवली आणि शेवटचं लिहिलेलं पान उघडून माझ्याकडे सरकवलं. तिच्या गोल, बालवाडीच्या अक्षरात दोन ओळी होत्या.

लग्न – अकरा दिवस – कुणाला नाही.

रविवारची साडी – एक मिनिट – कुणाला नाही.

''मी ठरवलं होतं, सर,'' ती म्हणाली. ''माझं मीच. यशवंतांना मीच विचारलं होतं.''

ट्रकवाल्याचं नाव यशवंत. त्याची मुलगी कोरगावला आत्याकडे राहायची, कुंदाच्या बालवाडीत यायची. बुधवारी तो डिचोलीच्या स्टँडवर थांबायचा. ती एक बस आधीची पकडायची. दोघं चहा घ्यायची, मग ती माझ्याकडे. ते हसू, ती अबोली, तो उत्तम प्रतिसाद. भावाला तिनंच जाऊन सांगितलं होतं. बहिणीनं स्वतः जमवलंय हे सांगायची भावाला लाज, म्हणून त्यानं मला 'स्थळ चालून आलंय' म्हटलं. आणि कोर्सचं? कोर्सला नाही म्हणायचं तिनं ठरवलं होतं. फक्त मला वाईट वाटेल म्हणून कसं सांगावं ते कळत नव्हतं.

''कौलाला मी विचारायला गेलेच नव्हते,'' ती म्हणाली. ''दादांचं समाधान. मी देवाला सांगायला गेले होते. की बघ, मी ठरवलं.'' तिनं वही मिटली. ''तर देव नको म्हणाला. बाबांच्या वेळी माझं चुकलं. आता परत चुकणार होतं. देवानं वाचवलं, सर.''

मग तिनं विचारलं, ''तुम्हाला काय वाटतं?''

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लावलेलं. तिच्या भेटीची अजून चाळीस मिनिटं शिल्लक होती. खरं सांगायला किती वेळ लागतो? 'ती पाकळी मी पाडली' – चार शब्द. ते म्हटलं असतं तर ती उठून निघून गेली असती, मला शिव्या दिल्या असत्या, माझी नोकरी गेली असती, बाबलोमामाला गावानं देवळातून काढलं असतं. आणि तिचा निर्णय तिला परत मिळाला असता. यशवंत अजून सर्वणलाच होता. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं, नीट, क्रमानं. मी गोंधळलो होतो असं मला म्हणता येत नाही.

मी भिंतीकडे बघितलं. कागद होता. त्याखालची रेघ होती.

''निर्णय तुमचा आहे, कुंदाताई,'' मी म्हटलं. ''मी मत देत नाही.''

जो नियम मी तिच्या रक्षणासाठी लिहिला होता, त्याच्यामागे मी लपलो. बाकीचे नियम मी मोडले. या एकाचा मी वापर केला, आणि तो मला मोडण्यापेक्षा वाईट वाटतो.

ती जाताना वही टेबलावरच राहिली. मी हाक मारली. ती दारातून म्हणाली, ''असू दे, सर. आता नको.''

ती कोर्सला गेली. आठ महिन्यांत परत आली. वसतिगृहात रोज शंभर गोष्टी ठरवायच्या असतात आणि विचारायला घरचं कुणी नसतं. यशवंतनं पुढच्या वर्षी त्याच्या गावाकडची मुलगी केली, आपल्या लेकीला घेऊन गेला, खाण सोडली. कुंदा पुन्हा केंद्रात आली नाही. मी पत्र टाकलं नाही. पणजीच्या बाईंनी फाईल चाळताना विचारलं, ही का थांबली? मी म्हटलं, ध्येय पूर्ण झालं. बाईंनी सही केली.

घटकराज्य झालं त्या वर्षी ग्रंथालयात व्याख्यानमाला झाली. एक पुष्प मला दिलं – मनाच्या आजारावर मदत घ्यायला गेलात तर काय अपेक्षा ठेवाल. मी गेलो. मागच्या दारानं निघून जाणारा मी, त्या दिवशी व्यासपीठावर मधल्या खुर्चीत होतो. भिंतीवरचा कागद मी पाठ म्हणून दाखवला. तुमचा मान राखला जाईल. तुमच्यापासून काही लपवलं जाणार नाही. तुमच्याशिवाय तुमच्याबद्दल काही ठरणार नाही. टाळ्या झाल्या. शाल दिली. ती उबदार आहे, अजून वापरतो. मी सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तुम्ही कधी कुणाकडे गेलात तर एवढं मागाच, तो तुमचा हक्क आहे. सांगणारा तेवढा खोटा होता.

बाबलोमामानं मरण्याआधी एकदा मला विचारलं होतं, ''भाच्या, त्या चेडवाचें बरें जालें मगो?'' – त्या मुलीचं भलं झालं ना? मी म्हटलं, ''जालें, मामा.'' त्यानं समाधानानं मान हलवली. तेही माझ्याच खात्यावर.

वही माझ्या कपाटात आहे. ती माझी नाही.

गेल्या वर्षी आजोळच्या घरी वास्तुशांत होती म्हणून कोरगावला राहिलो. सकाळी अंगणात उभा होतो. वाटेनं एक बाई आली, केस पांढरे, हातात कापडी पिशवी. तिनंच मला ओळखलं. ''सर!'' म्हणाली आणि मी मागे सरायच्या आत वाकून पाया पडली. भावाकडेच असते. भाचरं मोठी झाली. सगळं बरं आहे. ''काही अडलं की देवाला विचारते,'' ती म्हणाली. ''तुम्ही होता ना त्या दिवशी देवळात. मी विसरले नाही. माझ्यासाठी एवढ्या लांब आलेला.''

तेवढ्यात पोदेर आला. आता स्कूटरवर येतात, पण भोंपू तोच. तरुण मुलगा होता. तिच्याजवळ थांबला आणि टोपलीवरचं प्लास्टिक उचलून म्हणाला, ''मावशे, पाव काय उंडो?''

ती टोपलीत बघत राहिली. मग मागे वळून भावाच्या घराकडे बघितलं. तिथे दारात कोणी नव्हतं. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

''काय घेऊ, सर?''

मी गप्प राहू शकलो असतो. चौदा दिवस थांबलो होतो एके काळी. पोदेरानं घड्याळ बघितलं.

''उंडो,'' मी म्हटलं.

तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं.